मूल आत, घर दाराबाहेर

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

अकरा महिने, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेपाच ते सव्वासहा या वेळात मी एका बाल-उपचार केंद्राच्या बंद दाराबाहेर बाकावर बसत असे. दारावर हत्ती-जिराफांची चित्रे, दाराच्या आत माझा नातू, आणि बाकावर माझ्याशेजारी मांडीवर दप्तर घेतलेल्या तीन-चार आया. सव्वासहाला दार उघडे, नातू हातावरचा चांदणीचा शिक्का मिरवत बाहेर येई, मॅडम "आज छान बसला हं" एवढे म्हणत आणि पुढच्या मुलाला आत घेत. सातशे रुपयांची पावती पर्समध्ये टाकून आम्ही घरी येत असू. घरी आल्यावर एक बूट दारात, दुसरा सोफ्याखाली, दप्तर जिन्यात. आणि सात वाजता गृहपाठाची वही उघडली की साडेआठपर्यंत आमच्या घरात जे चाले, ते शेजाऱ्यांनाही पाठ झाले होते.

माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेली, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आठवड्याचे तास १६८. त्यांतले दीड तास नातू थेरपिस्टकडे. शाळेचे आणि झोपेचे तास वजा केले तरी घरातले सुमारे ६७ तास उरतात, आणि त्या ६७ तासांविषयी अकरा महिन्यांत आम्हाला कोणी एक प्रश्न विचारला नाही. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकण्यातील अडचण, अतिचंचलता आणि आवेग यांचा विकार, असलेल्या मुलांबरोबर जे काम करतात, मग ते मानसशास्त्रज्ञ असोत, समुपदेशक असोत की ऑक्युपेशनल थेरपिस्ट, त्यांनी घराला दाराबाहेर बसवून ठेवू नये, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे. ही एका आजीची हौस नव्हे. ही अपेक्षा त्या विकाराच्या स्वरूपातूनच निघते.

अशा मुलांना काय करायला हवे ते कळत नाही, अशी आपली समजूत असते. माझ्या नातवाला रस्ता ओलांडण्याचे सगळे नियम तोंडपाठ आहेत, आणि चेंडू पलीकडे गेला की एकही नियम न आठवता तो धावत सुटतो. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे हेच आग्रहाने सांगितले आहे की एडीएचडीत उणीव ज्ञानाची नसते, जे ठाऊक आहे ते ऐन वेळी हातून घडण्याची असते, आणि म्हणून मदतही जिथे व ज्या क्षणी ते घडायला हवे तिथेच पोचली पाहिजे. शांत खोलीत, एकट्याकडे लक्ष देणाऱ्या मॅडमसमोर, रोज नव्या खेळण्यांच्या संगतीत नातू पाऊण तास छान बसणारच. त्या खोलीत त्याचा विकार निम्मा झोपलेला असतो. तो जागा होतो सकाळी साडेसहाला, एक मोजा सापडत नसताना आणि खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असताना. त्या वेळी त्याच्याजवळ मॅडम नसतात. त्याची आई असते, बाबा असतो आणि मी असते.

जगात ही गोष्ट आता मान्य झालेली आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत चार वर्षांपासून सहाव्या वाढदिवसापर्यंतच्या मुलांसाठी पहिला उपाय म्हणून औषध सांगितलेले नाही आणि मुलाची थेरपीही सांगितलेली नाही; पालकांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण द्यावे असे सांगितले आहे. ब्रिटनमधील उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या २०१८ च्या सूचनाही पाच वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांच्या गट-प्रशिक्षणापासूनच सुरुवात करतात. त्याच सूचनांतला एक मुद्दा मला इतका पटला की त्याचा मराठी फलक करून प्रत्येक केंद्रात लावावा असे वाटते: पालकांना प्रशिक्षण सुचवले याचा अर्थ त्यांनी मूल नीट वाढवले नाही असा होत नाही, हे त्यांना स्पष्टपणे सांगावे, या मुलांना वाढवण्यासाठी सर्वसाधारण पालकांकडे असते त्याहून अधिक कौशल्य लागते, म्हणून हे प्रशिक्षण.

हे मुद्दाम सांगण्याची गरज का पडावी, ते मी माझ्याच घरावरून सांगते. निदान झाले तेव्हा सुनेला मी काय काय ऐकवले ते लिहिताना आज संकोच वाटतो. नोकरीपायी पोराकडे दुर्लक्ष केले, हातात मोबाइल दिला, लाडावून ठेवला, चॉकलेटे खाऊ घातली. आणि शेवटी ठेवणीतले वाक्य, की आमच्या वेळी असले आजार नव्हते. आमच्या वेळचे सोडा, १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानांत अशाच मुलांची वर्णने आहेत, आणि त्यांनी ती उणीव 'नैतिक नियंत्रणा'ची म्हटली होती. म्हणजे आजार तेव्हाही होता आणि दोष देण्याची रीतही तेव्हाचीच. साखरेने मुले चंचल होतात हेही नियंत्रित अभ्यासांत टिकलेले नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून मात्र या विकारात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के असल्याचे दिसते. यातले काहीही पहिल्या केंद्रात आम्हाला कोणी सांगितले नाही. सून बाकावर बसून ऐकणार तरी कोणाचे? माझेच. आणि मी हे असे बोलत होते.

पुढे ते केंद्र लांब पडू लागले म्हणून आम्ही दुसऱ्या थेरपिस्टकडे गेलो. त्यांनी पहिल्या भेटीला मुलाला आणू नका, घरातली मोठी माणसे तेवढी सगळी या, असा निरोप दिला तेव्हा मला ते पैसे उकळण्याचे लक्षण वाटले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुमच्या घरातला दिवसाचा सर्वांत वाईट तास कोणता?" मुलगा म्हणाला रात्रीचा, सून म्हणाली सकाळचा, मी म्हणाले गृहपाठाचा. एकाच घरात राहून आम्हा तिघांची तीन दुखणी होती, आणि ती एकमेकांना ठाऊक नव्हती. त्यांनी तिन्ही लिहून घेतली आणि म्हणाल्या, यातले एकच आधी घेऊ. शाळेला निघण्याची सकाळ.

मग त्यांनी माझ्या मुलाला सहज विचारावे तसे विचारले, "तुम्ही तिसरीत असताना कसे होतात?" मुलगा हसला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मला त्याची गणिताची वही आठवली. वर तारीख, खाली 'गृहपाठ' असे ठळक अक्षरांत, दोन उदाहरणे सोडवलेली, तिसरे अर्धे, आणि उरलेल्या पानावर विमाने. त्या विमानांसाठी मी त्याला लाकडी पट्टीने मारले होते. आज अडतिसाव्या वर्षी तो दर महिन्याला गाडीची किल्ली हरवतो आणि विजेचे बिल मुदत टळल्यावर भरतो. सुनेच्या माथी मारलेला दोष आला असलाच तर माझ्या बाजूने आला होता, हे तिथे बसल्या बसल्या मला कळले, आणि ते मला कळले हे मॅडमनाही कळले असावे. त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. थेरपिस्टच्या शिक्षणात ही न बोलण्याची कला शिकवतात की नाही मला माहीत नाही. शिकवत नसतील तर शिकवावी.

या प्रश्नामागे निव्वळ कुतूहल नव्हते. आनुवंशिकता इतकी असेल तर या मुलांच्या आई-वडिलांपैकी एखाद्यालाही तीच अडचण असण्याचा संभव बराच असतो, आणि अशा पालकाला बारा रकान्यांचा तक्ता देऊन रोज भरायला सांगणे म्हणजे लंगड्याला जिना चढून औषध आणायला सांगणे आहे. तक्ता चार दिवसांत बंद पडतो, थेरपिस्ट म्हणतात घरचे सहकार्य नाही, आणि घरचे म्हणतात थेरपीने काही होत नाही. आमच्या मॅडमनी मुलाला एकच काम दिले, तेही मोबाइलच्या गजराला बांधून. आणि त्याला स्वतःची तपासणी करून घ्यावीशी वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाता येईल, हे नुसते सांगून ठेवले.

पुढच्या दहा भेटींत आम्ही जे शिकलो ते ऐकायला अगदी साधे आहे, करायला मात्र नाही. पहिला धडा रोज पंधरा मिनिटे मुलाच्या मर्जीने त्याच्याबरोबर खेळायचे, आणि त्या पंधरा मिनिटांत एकही सूचना द्यायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, काही शिकवायचे नाही. जे दिसते ते फक्त बोलायचे. मी म्हटले, यात काय मोठेसे. मॅडमनी मला तिथेच ठोकळे दिले आणि स्वतः नातू झाल्या. दोन मिनिटांत माझ्या तोंडून "असा नको रे, आधी खाली मोठा लाव" हे निघाले, मग "हा कोणता रंग?" निघाले, आणि त्या प्रत्येक वेळी बोट वर करत गेल्या. पाच मिनिटांत सोळा बोटे झाली. ऐकून समजणे आणि करून पाहणे यांतला फरक मला त्या ठोकळ्यांनी दाखवला. पालकांना नुसते सांगू नये, त्यांच्याकडून करून घ्यावे, चुकले तर तिथल्या तिथे दुरुस्त करावे; आम्ही नोकरीत नव्या कारकुनाला रोखवही लिहायला अशीच तर शिकवत असू.

दुसरा धडा सांगण्याच्या पद्धतीचा. स्वयंपाकघरातून "किती वेळा सांगायचं तुला, अजून बूट घातले नाहीस?" असे ओरडण्यात दोन प्रश्न आहेत आणि सूचना एकही नाही. जवळ जायचे, खांद्यावर हात ठेवायचा, आणि एकच वाक्य बोलायचे: "आता डावा बूट घाल." बूट घातला की लगेच, त्याच क्षणी, घातला म्हणून सांगायचे. या मुलांना उद्याच्या बक्षिसाचे वजन जाणवत नाही. महिनाअखेरच्या सायकलीपेक्षा आत्ताचा एक चिंचोका मोठा असतो. चिंचोका मी शब्दशः म्हणते आहे. मॅडमनी टोकन म्हणून काहीही वापरा असे सांगितले, घरात चिंचोक्यांची बरणी होतीच, तेव्हा प्रत्येक पार पडलेल्या पायरीला एक चिंचोका त्याच्या काचेच्या ग्लासात पडू लागला. तो 'टण्' आवाज त्याला फार आवडे. दहा झाले की बाबाबरोबर गच्चीत एक जादा षटक, पंधरा झाले की रात्रीच्या भाजीची निवड त्याची. मिळालेला चिंचोका नंतरच्या चुकीसाठी परत काढून घ्यायचा नाही, हा नियम माझ्या हाताला सर्वांत जड गेला. रागाच्या भरात ग्लास उपडा करावासा वाटे.

त्यांनी आधीच बजावून ठेवले होते की हट्टाकडे लक्ष देणे थांबवले की पहिले काही दिवस हट्ट वाढेल, तेव्हा घाबरून माघार घेऊ नका. तो वाढलाही. नवव्या दिवशी त्याने पाण्याचा तांब्या भिरकावला आणि सून रडत म्हणाली की हे सगळे बंद करू. आधी सांगितलेले नसते तर आम्ही त्या दिवशीच बंद केले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला, पाच मिनिटांचा, आणि त्या फोनने आम्हाला पुढचा आठवडा काढायला बळ दिले. आठवड्यामधला असा एखादा फोन थेरपीचाच भाग आहे. त्याचे पैसे त्यांनी जरूर लावावेत, पण तो करावा.

भाषेचा मुद्दा मला विशेष आग्रहाने मांडायचा आहे. पहिल्या केंद्रात आम्हाला एक इंग्रजी छापील कागद मिळाला होता, त्यावर पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंट, कन्सिस्टन्सी, टाइम-आउट असे शब्द. बाकावर माझ्याशेजारी बसणारी एक आई वडूजहून एसटीने येत असे. पोरगा तिचा पाच वर्षांचा. टाइम-आउट म्हणजे शिक्षा, असे तिने कागदावरून ताडले आणि तासभर त्याला अंधाऱ्या न्हाणीघरात उभे केले. ती दुष्ट नव्हती, दमलेली होती, आणि कागदावर जे लिहिले आहे तेच आपण करतो आहोत अशी तिची प्रामाणिक समजूत होती. खरे तर टाइम-आउट म्हणजे मुलाला थोडा वेळ बाजूला बसवणे, ती काही मिनिटांची गोष्ट आहे, साधारण मुलाच्या वयाच्या वर्षांइतकी मिनिटे. जागा उजेडाची, डोळ्यांसमोरची आणि फक्त कंटाळवाणी असावी लागते. आणि एरवी घरात त्याला प्रेमाने वागवले जात असेल तरच तिचा उपयोग होतो. हे एवढे मराठीत, प्रत्यक्ष करून, एकदा दाखवायला दहा मिनिटे पुरली असती.

औषधांविषयी जपून लिहायला हवे. काही थेरपिस्ट छातीठोकपणे सांगतात की गोळ्या मुळीच देऊ नका, मी थेरपीने बरा करते. घरच्यांना ते गोड लागते, मलाही लागले होते. पण अमेरिकेत सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर झालेला आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास असे दाखवतो की चौदा महिन्यांच्या अखेरीस मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेले औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा अधिक परिणामकारक ठरले, आणि ज्यांना दोन्ही मिळाले त्यांना औषधाची मात्रा कमी पुरली. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा गटागटांतले फरक उरले नव्हते, हेही त्याच अभ्यासाचे पुढचे पान आहे. म्हणजे औषध काय की थेरपी काय, काही काळ करून सोडून देण्याची ही बाब नाही. औषध द्यावे की नाही हा निर्णय डॉक्टर आणि आई-वडील यांचा. थेरपिस्टनी त्या दाराशी उभे राहून अडवू नये आणि ढकलूही नये. त्यांनी करावे ते काम वेगळेच आहे: भूक कमी झाली का, झोप किती वाजता लागते, चिडचिड औषध उतरण्याच्या वेळी वाढते का, दर काही महिन्यांनी वजन-उंची मोजली का, हे घरच्यांना नोंदवायला शिकवावे आणि ती नोंद डॉक्टरांपर्यंत पोचेल असे पाहावे. आमच्या नोंदवहीवरूनच डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली.

शाळेच्या बाबतीत आमचे नशीब बरे. मॅडमनी आमची संमती घेऊन वर्गशिक्षिकांना स्वतः फोन केला, आणि डायरीतल्या लाल शाईच्या शेऱ्यांच्या जागी एक छोटी वही सुरू झाली. तीत रोज दोनच प्रश्न: पहिल्या दोन तासांत जागेवर बसला का, आणि फळ्यावरचे वहीत उतरवले का. बाईंनी फक्त बरोबर किंवा फुली करायची, चिंचोके आम्ही घरी द्यायचे. साठ मुलांच्या वर्गात बाईंना याहून अधिक करायला वेळ कुठून मिळणार, हे थेरपिस्टला समजत असल्यामुळेच ती वही वर्षभर टिकली. नाहीतर शाळांना चार पानी अहवाल पाठवणारे पुष्कळ असतात. अशा मुलांना वर्गाबाहेर उभे करणे, सर्वांसमोर हिणवणे हे अजूनही घडते, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केलेली आहे हे बहुतेक पालकांना ठाऊक नसते. आणखी एक गोष्ट वेळेत सांगायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे आहे. आणि एडीएचडी असलेल्या अनेक मुलांना वाचन-लेखनाची किंवा गणिताची अध्ययन अक्षमताही असते. ती तपासणी आठ वर्षांच्या सुमारास होऊ शकते. दहावीचा फॉर्म भरताना परीक्षेतील सवलतींसाठी लागणाऱ्या या अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी धावाधाव करणारी घरे मी त्याच बाकावर पाहिली आहेत. तिसरीत कोणी सांगितले असते तर पोरांची मधली सात वर्षे 'आळशी' म्हणवून घेण्यात गेली नसती.

आता पैशांचे. आठवड्याला दोन याप्रमाणे महिन्याला आठ सत्रे, म्हणजे ५,६०० रुपये, प्रवास वेगळा. अकरा महिन्यांचे साठ हजारांवर गेले आणि कशासाठी गेले ते लेखापरीक्षकाने विचारले असते तर माझ्याकडे चांदणीच्या शिक्क्यांखेरीज पुरावा नव्हता. थेरपिस्टनी सुरुवातीलाच लेखी सांगावे की आपण अमुक दोन-तीन गोष्टींवर काम करणार, त्या आज किती वेळा घडतात, आणि दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा मोजू. फरक नसेल तर पद्धत बदलावी किंवा दुसऱ्याकडे पाठवावे. झोके, मोठे चेंडू, वजनदार जाकिटे यांनी काही मुलांना बरे वाटत असेलही, पण एडीएचडीच्या लक्षणांवर त्यांचा परिणाम सिद्ध झाल्याचा आव आणू नये. आणि डोळे बांधून रंग ओळखायला शिकवणाऱ्या 'मेंदू जागृती'च्या शिबिरांपासून तर त्यांनी पालकांना स्पष्ट शब्दांत सावध करावे. कारण दमलेला पालक कुठेही पैसे देतो, आम्हीही दिले आहेत.

ज्यांना हे खाजगी शुल्क झेपत नाही त्यांच्यासाठी वाट अगदीच नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला आणि अंगणवाडी व शाळांतील तपासणीसाठी त्यात सुरुवातीला ठरवलेल्या तीस आरोग्य-स्थितींत एडीएचडीचा समावेश आहे. पुढील मदतीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजनाही त्यातच आहे. मनोविकारांविषयी फोनवर मराठीतून बोलण्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. माझी सूचना अशी की जिल्ह्यातील खाजगी थेरपिस्टनी महिन्यातील एक रविवार अशा केंद्रांतून किंवा एखाद्या शाळेच्या वर्गातून दहा-बारा घरांचा पालकगट चालवावा. एकास एक सत्रापेक्षा गटाचे शुल्क कमी पडते, हे तर आहेच. पण "माझाच पोरगा असा नाही" हे एका आईला दुसऱ्या आईच्या तोंडून जसे पटते तसे तज्ज्ञाच्या तोंडून पटत नाही. बाकावर आम्ही एकमेकींना जे सांगत होतो त्यातले निम्मे चुकीचे होते, तरी त्या गप्पांसाठी मी मंगळवारची वाट पाहत असे. तीच मंडळी, तोच वेळ, मध्ये एक जाणकार व्यक्ती बसली असती तर?

गटात वडिलांना आणा, आजी-आजोबांना आणा. आपल्याकडे मूल दोन माणसे वाढवत नाहीत, चार-पाच वाढवतात, आणि आईने सकाळी बांधलेला नियम आजी दुपारी लाडू देऊन मोडते. सत्र सकाळी अकराला ठेवले तर नोकरी करणारा बाप येत नाही, म्हणून मग आई एकटीच शिकते, घरी येऊन सर्वांना शिकवू पाहते आणि सर्वांची बोलणी खाते. आमच्या घरी हेच झाले असते. माझ्या मोठ्या नातीचाही उल्लेख करायला हवा. तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, आणि एकदा तिने विचारले की चिंचोके मिळण्यासाठी मलाही वाईट वागावे लागेल का. मॅडमनी तिच्यासाठी दुसरा ग्लास ठेवायला सांगितले. बारावीच्या तयारीला लागलेली मुलगी चिंचोके मोजत नाही, पण ग्लास तिने ठेवून घेतला आहे.

नातू पूर्ण शांत झाला आहे, असे मी लिहिणार नाही. या आठवड्यातही त्याने डबा शाळेत विसरला आणि चुलतभावाच्या वाढदिवसाला केक कापण्याआधीच मेणबत्त्या फुंकल्या. सकाळी साडेसहाचा तास मात्र आता घरातला सर्वांत वाईट तास राहिलेला नाही, आणि सून व मी एकमेकींशी बोलू लागलो आहोत.

वडूजच्या त्या आईचा परवा फोन आला होता. ती अजूनही जुन्याच केंद्रात जाते, दोन तास येण्याचे, दोन तास जाण्याचे, आणि मधला पाऊण तास दाराबाहेर. तिला मी चिंचोक्यांविषयी सांगितले होते, तेव्हा ती विचारत होती की पोराने ताटातले सगळे संपवले तर द्यायचा का, आणि बहिणीला मारले तर काढून घ्यायचा का. मला येत होते तेवढे मी सांगितले. पण तिच्या घरात कोण कोण आहे, मुलगा नेमका कधी मारतो, नवरा काय म्हणतो, यातले मला काहीच माहीत नाही. हे प्रश्न तिला विचारण्याचे काम ज्यांचे आहे, ते दर मंगळवारी तिच्यापासून एका दाराच्या अंतरावर असतात.

आपली विश्वासू,
एक आजी, सातारा
(मुलाच्या दृष्टीने नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)